खुर्चीचा आठवडा

चष्मेवालीला आपल्या दीड वर्षाच्या मुलीचा हेवा वाटत होता. हे असं सरळ सांगितलं की ऐकणारा भुवया उंचावतो. जावेचा वाटावा, शेजारणीच्या नव्या पडद्यांचा वाटावा, पण पोटच्या पोरीचा? तिलाही ते कळत होतं, म्हणून ती कुणाजवळ बोलली नव्हती. नुसती आतल्या आत जळत होती.

ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. काच घासून मापात आणायची, फ्रेम गरम करून वाकवायची, मुंगीएवढे स्क्रू आवळायची. हात इतका स्थिर, की मालक सगळी नाजूक कामं तिच्याचकडे सरकवायचा. संध्याकाळी घराचं दार उघडताना मात्र तोच हात जड व्हायचा, कारण आत काय दिसणार हे तिला ठाऊक असायचं. तिची आई जमिनीवर पाय पसरून बसलेली आणि मांडीवर भुंगी. खाताना गुणगुणते म्हणून तिचं नाव भुंगी. आई तिच्या पायाचं एकेक बोट धरून त्याची वेगळी विचारपूस करायची. अंगठ्याला जेवलास का विचारायची आणि करंगळीला लाडाने रागे भरायची.

चष्मेवालीच्या बोटांची अशी चौकशी कुणी केली नव्हती. ती पाच महिन्यांची असताना आई आजारी पडली. छातीचा आजार, तोही लागणारा. लेकराला जवळ ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि मावशी तिला घेऊन गेली. आई बरी होऊन न्यायला आली, तेव्हा ती तीन वर्षांची झाली होती. पुढे आईने सगळं केलं. वेळेवर जेवू घातलं, वेण्या घातल्या, वह्यांना कव्हरं घातली, तापात उशाशी बसली. बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त कधी ओढून जवळ घेतलं नाही. पाहुण्यांची मुलगी सांभाळावी तशी ती हिला जपून वागवायची.

त्याचं जे व्हायचं ते झालं. नवऱ्याला यायला अर्धा तास उशीर झाला, की चारचौघींसारखी ती रागवायची नाही की रुसायची नाही. थेट त्याच्यावाचून कसं राहायचं याची मनातल्या मनात तयारीच करून टाकायची. "तुझं सामान कायम बांधलेलं असतं," तो हसत म्हणायचा, पण त्याला ते लागायचं.

एका संध्याकाळी ती भुंगीला उचलायला वाकली, तर पोरीने मान फिरवली आणि आजीच्या खांद्यात तोंड खुपसलं. आजी हसली. हसली ती कौतुकाने, पण चष्मेवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सोमवारपासून ही पाळणाघरात जाईल," ती म्हणाली.

"का गं? माझं काही चुकलं का?"

"चुकायचं काय त्यात? चार मुलांत मिसळायला नको?"

आईने मान डोलावली. ती नेहमीच असं ऐकून घ्यायची, आणि त्याचाही चष्मेवालीला राग यायचा.

पाळणाघराच्या बाई अंगाने आडव्या आणि बोलायला सडेतोड होत्या. त्यांची एक पद्धत होती. पहिला आठवडा मुलाच्या सगळ्यात जवळच्या माणसाने कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं. हाक मारायची नाही, मागे धावायचं नाही, उठायचं तर मुळीच नाही. "मूल खेळायला जातं, परत येऊन हात लावून जातं," बाई म्हणाल्या. "खुर्ची कुठे पळून जात नाही एवढी खात्री पटली, की ते आमच्याकडे रमतं." फॉर्मवर 'जवळचं माणूस' असा रकाना होता. चष्मेवालीने तिथे ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'आई'. आणि स्वतः जाऊन बसली.

दोन दिवस ती खुर्चीत ताठ बसून होती. भुंगी एकदाही तिच्याकडे आली नाही. दाराशी जाऊन उभी राहिली, ती राहिलीच. खेळली नाही, आणि खाल्लं तेही न गुणगुणता. मांडीवर घेतली की उतरून पुन्हा दाराशी जायची. तिसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "घरी हिला कोण बघतं?"

"माझी आई."

"मग ही खुर्ची त्यांची. राग मानू नका."

"हिला जन्म मी दिलाय."

"ते कोण नाही म्हणतंय? पण दीड वर्षाच्या जिवाला नाती कुठे कळतात हो? माणसं कळतात. एकाला घट्ट धरता आलं, की दुसऱ्याला धरायला जमतं. तुम्हालाही धरेल, पण आजीला तोडून नाही."

चष्मेवालीला ते पटलं. पटलं म्हणूनच जास्त झोंबलं.

चौथ्या दिवशी ती आईला घेऊन आली आणि स्वतः चपलांच्या मांडणीपाशी उभी राहिली. भुंगी पाच मिनिटांत ठोकळ्यांपाशी गेली. परत आली, आजीच्या गुडघ्याला हात लावला, पुन्हा गेली. गेली, आली, गेली. मग ठोकळ्यावर चढायला गेली आणि कपाळावर आपटली. भोकाड पसरून ती सरळ खुर्चीकडे धावली. आजीने तिला उचललं, छातीशी धरलं, कपाळावर फुंकर घातली.

"मला कधी असं घेतलं नाहीस."

चष्मेवालीच्या तोंडून ते इतकं मोठ्याने गेलं, की खेळणारी मुलं थबकली.

आईने वर पाहिलं. "तू आलीस कधी?"

"म्हणजे?"

"मी न्यायला आले तर मावशीच्या मागे लपलीस. हात पुढे केला तर कडकडून चावलीस. महिनाभर खिडकीत बसून तिचीच वाट बघत होतीस. मला वाटलं, हिला मी नकोय. ओढलं तर आणखी लांब जाईल. येईल आपणहून, म्हणून बसून राहिले."

"किती वर्षं?"

"अजून बसलेच आहे की."

"मी तीन वर्षांची होते, आई! मी यायचं होतं? तू उठायचं होतंस!"

आईने भुंगीला खाली ठेवलं आणि खुर्चीचे हात धरून उभी राहिली.

"आजी, उठायचं नाही," बाई ओरडल्या.

"तुमची पद्धत राहू द्या बाजूला," आई म्हणाली आणि चालत आली. समोर येऊन थांबली, तर हात कुठे ठेवायचे हेच तिला कळेना. शेवटी तिने लेकीचं डोकं धरलं आणि कसंबसं, मान अवघडेल असं, आपल्या खांद्यावर दाबलं.

मागे भुंगी दोन्ही हात वर करून टाहो फोडत होती. चष्मेवालीला ते ऐकू येत होतं. आपण तिची आई आहोत, जाऊन उचलायला हवं, हेही कळत होतं. पण खोटं कशाला बोला? तिने आईला आणखी घट्ट धरलं आणि मनातल्या मनात पोरीला म्हणाली, थांब जरा, आता माझा नंबर आहे.