तीन वाजताची तुर्की

माझा भाऊ धनेश जहाजाच्या शिडीवरून पडला, तेव्हा आमच्या घरात कुणालाच तुर्की भाषेचा एक शब्दही येत नव्हता. महिन्याभरात आईला बोलण्यापुरती यायला लागली. तिने ती कशी शिकली, हे मला लोक अजून कौतुकाने विचारतात. मी थोडंफार सांगते. पुढचं सांगत नाही.

आम्ही कोपरखैरण्याच्या गावठाणातले. आई, म्हणजे मैना, सातवीपर्यंत शिकली आणि लग्नानंतर सासूच्या जागेवर मच्छी विकायला बसली. बाबा दादू रबाळ्याच्या एका कारखान्यात सकाळपाळीला वॉचमन आहेत. मी रुतिका, वाशीत एका दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला, संध्याकाळची. धनेश तेवीस वर्षांचा. मालवाहू जहाजावर त्याची ही दुसरीच खेप होती. तुर्कस्तानातल्या एका बंदरात जहाज लागलं असताना तो जहाजातल्याच गोदामाच्या शिडीवरून खाली आला तो डोक्यावरच.

त्याला जहाजावर पाठवणाऱ्या बेलापूरच्या एजन्सीने फोन करून कळवलं, "पेशंट स्टेबल आहे." तिथले शौनक सर रोज हेच सांगायचे. आमच्यातल्या कुणाला तरी तिकडे पाठवा म्हटलं, तर पासपोर्ट कुठाय, म्हणाले. आमच्यात एकाकडेही पासपोर्ट नव्हता. तिघांनी अर्ज केले. आईच्या आधारवर मैना आणि शाळेच्या दाखल्यावर मैनाबाई, म्हणून तिचा अडकला. बाबांचा जन्मदाखलाच सापडेना. माझा पोलीस व्हेरिफिकेशनला गेला, तो तिकडेच राहिला. त्यानंतर व्हिसा. मी रोज मोबाईलवर स्टेटस बघायची. रोज तीच ओळ असायची.

जहाजावरच्या कुकने तेवढं एक काम केलं. अतिदक्षता विभागातल्या नर्सचा नंबर मिळवून दिला. तिचं नाव सेविम. तिला तुर्कीशिवाय काही येत नव्हतं, पण मनाने चांगली. तिची जेवणाची सुट्टी आणि आमचे दुपारचे तीन एकच. ती रोज व्हिडिओ कॉल लावून मोबाईल धनेशसमोर धरायची. त्याचं डोकं बांधलेलं, तोंडात नळी, डोळे मिटलेले. पाच मिनिटं आम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसायचो. मग सेविम काहीतरी बोलायची आणि कॉल संपायचा.

ती काय बोलली, हे कळावं म्हणून मी भाषांतराचं ॲप घेतलं. एकदा त्याने लिहून दिलं, 'मुलगा पाण्यावर आहे.' दोन दिवस आम्ही त्याचा अर्थ लावत बसलो. नंतर कळलं, सलाईन लावलं होतं. मग मी भाषा शिकवणारं ॲप घेतलं. त्यात मांजर दूध पीत होतं आणि माझ्या काकांची गाडी लाल होती. आठ दिवस मी मन लावून केलं. नवव्या दिवशी सेविम बोलली, तर मला 'आणि' सोडून काही कळलं नाही.

आई शेजारी कोळंबी सोलत होती. म्हणाली, "असं नाय शिकायचं. मलयाली शिकायला मी कंच्या शालंत गेली होती?"

ते खरं होतं. आईला गिऱ्हाइकांमुळे मलयाळम येतं, गुजराती येतं, थोडं तेलुगूही. मलयाळममध्ये तारली माशाला मत्ती म्हणतात, हे ती पहिल्या दिवशी शिकली. मग आकडे. मग 'ताजी', मग 'नाय परवडत'.

"माणसाला जे लागतं तेच आधी शिकायचं," ती म्हणाली. "मना मांजर कशाला? मना ताप हाय का नाय, झोपला का उठला, येवढंच पायजे."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तिने स्वतः मोबाईल हातात घेतला. कपाळावर हात ठेवला, भुवया उंचावल्या आणि सेविमकडे बघत राहिली. सेविमला कळलं. "आतेश," ती म्हणाली. आईने परत म्हटलं, "आतेश." सेविमने मान हलवली, "आतेश योक." ताप नाही. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "आतशबाजीतलाच आतश गं हा. आग."

रोज दोन-तीन शब्द. वार म्हणजे आहे, योक म्हणजे नाही. उयुयोर, झोपलाय. ओलुम, माझा मुलगा. आईने वही धरली नाही. इंग्रजी अक्षरं तिला जुळवता येत नव्हती. तिने मला कॉल रेकॉर्ड करायला लावले, आणि सकाळी बाजारात मासे मांडताना, रात्री भांडी घासताना ती तेच तेच ऐकायची आणि सेविमच्या मागोमाग मोठ्याने म्हणायची. चुकायची तर खूप. मला लाज वाटायची, तिला नाही. "चूक ऐकली की ती सुधारते. गप बसलं तर कोन सुधारनार?"

एके दिवशी खूश होऊन म्हणाली, "ते आपल्यावानीच बोलतात. आधी मानूस, मग वस्तू, काम शेवटाला. तू इंग्रजीतून जातेस म्हनून अडकतेस."

महिना होत आला तेव्हा दोघी तुटकतुटक गप्पा मारत होत्या. सेविमला सहा वर्षांचा मुलगा होता, उमुत. मी अर्थ शोधला, तर 'आशा' निघाला. आईला सांगितला. ती म्हणाली, "पोरीचं नाव आपल्याकडं." आणि विसरली. ती रोज सेविमला विचारायची, उमुत नासल? उमुत कसा आहे? मग सेविमला सांगायची, धनेशचा हात धर. सेविम धरायची. आम्ही इथून बघायचो. दुसरं काय करता येत होतं?

पस्तिसाव्या दिवशी कॉल चालू असताना डॉक्टर आत आले. सेविमने घाईने मोबाईल खाली केला, नुसती चादर दिसायला लागली. डॉक्टर बोलत होते. त्यात दोन शब्द स्पष्ट आले, "उमुत योक."

आई घाबरली. मोबाईल वर येताच तिने विचारलं, "उमुत नेरेदे?" उमुत कुठे आहे? सेविमचं पोरगं हरवलं, असंच तिला वाटलं होतं.

सेविम तिच्याकडे बघत राहिली. मग तोंडावर हात दाबून रडायला लागली. "उमुत एवदे," ती म्हणाली. उमुत घरी आहे.

कॉल संपला. बाबांनी विचारलं, "काय झालं? का रडते ती?"

"तिचा पोरगा आजारी हाय," आई म्हणाली.

मला त्या वेळी खरंच वाटलं. त्या रात्री आई ते रेकॉर्डिंग चार-पाच वेळा ऐकत होती. मी समजले, नेहमीसारखी शिकतेय. तिने मला नावाचा अर्थ परत विचारला नाही. मीही तो डॉक्टरांच्या 'उमुत योक'ला लावून बघितला नाही.

त्यानंतरचे सहा दिवस शौनक सर 'स्टेबल' म्हणत राहिले. बाबा त्यावर पोटभर जेवत होते. आई त्यांना वाढत होती. ती नवीन शब्द मात्र विचारेनाशी झाली.

सातव्या दिवशी सेविमचा फोन तीनला नाही, सकाळी साडेअकराला आला. आई बाजारात होती, समोर दोन गिऱ्हाइकं, हातात अर्धवट कापलेला रावस. शेजारच्या उज्ज्वलामावशीने मोबाईल तिच्या कानाला लावला. मावशी सांगते, आई तीन-चार वाक्यं बोलली, शांतपणे. शेवटी म्हणाली, "तमाम." ठीक आहे. मग रावस पुरा कापला, पिशवीत भरून दिला आणि हात धुवून घरी निघाली.

त्या दिवशी बाबांची सुट्टी होती, ते घरीच होते. घरात येऊन तिने आम्हाला सांगितलं, "धनेश गेला."

बाबा खुर्चीतून उठलेच नाहीत. "कोन बोललं?"

"सेविम."

"काय बोलली? तिचा शब्द सांग."

"ओलुन गित्ती. तुझा पोरगा गेला."

मी शौनक सरांना फोन लावला. ते म्हणाले, आमच्याकडे काही मेल नाही. तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, नर्सने, आईला. कुठल्या भाषेत? तुर्कीत. ते जरासे हसले. वाईट हसू नव्हतं ते. "मॅडम, गित्ती म्हणजे नुसतं गेला. दुसऱ्या वॉर्डात नेलं असेल. मी तिकडच्या लोकांशी बोलतो, गित्ती कशालाही म्हणतात. टेन्शन घेऊ नका. मेल येऊ दे."

फोन स्पीकरवर होता. बाबा ताडकन उभे राहिले. "बघ! वॉर्ड बदलला! आयसीयूतून काढला म्हंजे बरा हाय म्हनून काढला!"

मग ते आईकडे वळले.

"तू काय मोठी तुर्कीन झाली का? महिनाभर फोनवर बोलली म्हनून भाषा आली? मैना, तुझं चुकलंय. तुला कच्चं येतं. सांग ना, कच्चं येतं म्हनून."

मी सेविमला फोन लावला. बंद. तीन वाजता लावला, बंद. नंतर कळलं, तिची रात्रपाळी संपली होती, ती घरी जाऊन झोपली होती. बाबा आईच्या पुढ्यात येऊन खाली बसले. बाबांना मी कधी कुणाच्या पुढ्यात असं बसलेलं पाहिलं नव्हतं. "एकदा म्हन, चुकलं असंन."

आईने त्यांच्याकडे बघितलं.

"असंन," ती म्हणाली. "चुकलं असंन मना."

बाबांनी त्या दिवशी आंघोळ केली, दाढी केली, खांदेश्वरच्या आत्याला फोन करून सांगितलं की पोराला साध्या वॉर्डात आणलंय. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरही गेले. आई बाजारात गेली नाही. स्वयंपाक केला, कपडे धुतले. मी तिला एकटीला गाठून विचारलं, "आई, खरंच चुकलं असेल?" तिने मशीनमधले कपडे बादलीत काढले आणि म्हणाली, "कपाल थंड हाय का म्हनून इचारलं मी तिला. हाय म्हनाली. आता वॉर्डात कपाल थंड पडतं काय?" मग बादली उचलून गच्चीवर गेली. मी मागे गेले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी एजन्सीचा मेल आला. इंग्रजीत, सहा ओळी. तारीख सेविमचा फोन आला तीच, वेळ त्याच्या जरा आधीची. बाबा ड्युटीवरून आले, तेव्हा मी तो त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो मराठीत सांगायला लावला. मी सांगितला. त्यांनी परत सांगायला लावला.

आई उठून त्यांच्याजवळ बसली. दोन दिवस अडवून ठेवलेलं रडू त्या वेळी तिला आलं.

धनेशला आणायला आणखी अठरा दिवस लागले.