कनेरगाव नाक्याची पेंड

२००६ साली गोपीचंद शेठनं हिंगोलीतल्या आपल्या ट्रान्सपोर्टात कॉम्प्युटर आणला आणि त्याच्यापुढं दिपाला बसवलं. गावोगावच्या दुकानदारांचा थोडाथोडा माल यायचा. त्याचं वजन आणि गाव तिनं टाकायचं. कुणाकुणाचा माल एका ट्रकात बसतो, आधी काय चढवायचं, हे मशीन सांगायचं. महिन्याभरात सहा गाड्यांचं काम दोन ट्रकांवर आलं.

रिकाम्या राहिलेल्या चारांत एक टेम्पो तिच्या बापाचा, रामकिशनचा होता.

तो सकाळी येऊन भाड्यासाठी नंबर लावायचा आणि दिवसभर टेम्पोला टेकून बसायचा. घरी जेवताना तो तिला एका शब्दानं बोलायचा नाही. बोलला असता तर बरं, असं तिला वाटे.

एका सोमवारी कनेरगाव नाक्याची चार क्विंटल पेंड आली. दिपानं चारच्या आधी एक दाबला. चौदा झाले. ट्रकात जागा नाही, असं मशीननं दाखवलं.

"रामकिशनचा टेम्पो लावा," शेठ ओरडले.

बाप असा लगबगीनं उठला, की पुढच्या दोन सोमवारीही तिचं बोट पुन्हा तिथंच गेलं.

तिसऱ्या खेपेला नाक्यावरच्या दुकानदारानं मालाच्या यादीत चौदा क्विंटल वाचले आणि तो भडकला. "मी चारच क्विंटल मागवली. माझ्या नावावर ही दहा कुणाची वाहून राहिला?" त्यानं तिथूनच शेठला फोन लावला.

रामकिशन परतला तसं शेठनं त्याला आत बोलावलं. "वजन कुणी वाढवलं?"

दिपा उठली. बापानं एकदाच तिच्याकडं पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं.

"मी," तो म्हणाला. "पोरीला खोटं वजन मीच सांगितलं."

"बाबा, तुमी..."

"तू चूप बस, बाई."

शेठनं त्याच दिवशी त्याचा टेम्पो बंद केला.

घरी दिपा रडू लागली. "काहून आळ घेतला अंगावर? मी न्हाई जाणार आता तिथं."

"जावं लागंन," रामकिशन पायातली चप्पल काढत म्हणाला. "तू घरी बसलीस तर मी उगंच चोर ठरलो."

दुसऱ्या दिवशी दहाला ती कामावर होती.

पुढं टेम्पो शिरड शहापूरच्या एका माणसाला विकला, आणि रामकिशन दुसऱ्याची गाडी चालवायला वाशिमला जाऊ लागला. दिवाळीला शेठनं सगळ्या हमाल-ड्रायव्हरांसमोर दिपाच्या हाती मिठाईचा डबा ठेवला.

"बाप तसा निघाला, पण पोरगी इमानदार!"

सगळे तिच्याकडं बघत होते. दिपानं डबा घेतला आणि मान खाली घालून म्हणाली, "व्हय, शेठ."