उघड्यावरची कासवं

प्राणी पाळणाऱ्यांच्या मंडळाची बैठक मासेवाल्याच्या दुकानात, काचेच्या टाक्यांच्या मधल्या जागेत भरायची. टाक्यांचे पंप सतत गुरगुरत असल्यामुळे प्रत्येकाला चढ्या आवाजात बोलावं लागे आणि साधी विचारपूससुद्धा भांडणासारखी वाटे. त्या दिवशी भांडणाला कारणही होतं. परदेशातून आणलेल्या प्राण्यांवर निर्बंध घालणारा कायदा येऊ घातला होता. कोणते प्राणी घरात ठेवता येतील आणि कोणते नाही, हे ठरवण्याआधी एक समिती पाळणाऱ्यांचं म्हणणं ऐकून घेणार होती.

“सगळ्यांनी एकच बोलायचं,” मासेवाला म्हणाला. मंडळाचा अध्यक्ष तोच होता. “आपले प्राणी इथल्या हवेत बाहेर जगत नाहीत. हीटर बंद पडला की खलास. जे जगतच नाही, त्याचा इथल्या प्राण्यांना धोका कसला?”

“माझा राघू तर पंखा लावला तरी शिंकतो,” पोपटवाल्या काकू म्हणाल्या.

“उत्तम. घेऊन या त्याला. समितीपुढे शिंकू दे.”

सगळे हसले. माझे बाबा हसले नाहीत.

“माझी बाहेर राहतात,” ते म्हणाले.

“ते तुम्हाला माहीत, मला माहीत. समितीला कशाला माहीत व्हायला हवं?” मासेवाल्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही नुसतं बसा. बोलायचं काम आमचं.”

बाबांची कासवं याच दुकानातून आलेली. मी शाळेत असताना हट्ट करून घेतलेली, बशीत मावतील एवढी, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली. माझा हट्ट एका सुट्टीत संपला. कासवं वाढत राहिली. बाबा कारखान्यात लेथ चालवायचे. त्यांनी टाकी बदलली, मग आणखी मोठी केली आणि शेवटी मागच्या अंगणात स्वतःच्या हाताने तळं खणलं. तळाशी गाळ सोडला. मधोमध खोली एवढी ठेवली की वरचं पाणी गोठलं तरी खाली गोठणार नाही. हिवाळ्यात कासवं त्या गाळात शिरून निपचित पडून राहायची आणि ऊन तापलं की एकेक करून वर यायची. सगळ्यात मोठ्या मादीला बाबा ‘थोरली’ म्हणत. ती वर आली की ते घरात येऊन सांगत, “आली.” कोण, हे विचारावं लागत नसे.

मी पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. शहराबाहेरच्या तलावाचे नमुने घ्यायला जाते, तेव्हा काठाजवळच्या ओंडक्यांवर ही लाल पट्ट्याची कासवं रांगेने ऊन खात बसलेली असतात. कोणाकोणाचे हट्ट संपल्यावर सोडून दिलेली. इथली मूळची कासवं अंगाने लहान आणि स्वभावाने बुजरी. त्यांना ओंडक्यावर जागा मिळत नाही. पुरेसं ऊन मिळालं नाही तर कासवाला खाल्लेलं पचत नाही. पूर्वी मला ती दिसायची, आता क्वचितच दिसतात. कायदा चुकीचा आहे असं मला कधीच वाटलं नाही. हे मी घरात बोलले नव्हते.

सुनावणीच्या आदल्या दिवशी बाबा कोटाची बटणं घट्ट करत बसले होते. आत्या, म्हणजे त्यांची मोठी बहीण, समोर बसून त्यांच्याकडे बघत होती.

“गप्प बसायला चाललायस ना? मग कोट कशाला?”

“ताई, चार लोकांत जायचं असतं.”

“चार लोकांत तोंड बंद ठेव म्हणजे झालं. लहानपणापासून तुझी हीच खोड. तू केलेल्या वस्तूला कोणी नावं ठेवली की अंगाची आग होते. माझ्या लग्नात नवरदेवाने ह्याने केलेली खुर्ची डुगडुगते म्हटलं, तर हा पंगत सोडून करवत घेऊन आला!”

“डुगडुगत नव्हती ती. जमीन वाकडी होती.”

सुनावणी एका शाळेच्या सभागृहात होती. समितीत तिघं होती : अध्यक्षबाई, एक वकील आणि प्राणिशास्त्राच्या एक प्राध्यापिका, ज्या फारशा वर न बघता ऐकत होत्या. मंडळाचे लोक पढवल्याप्रमाणे बोलले. सरडेवाल्याने ऊब देणाऱ्या दिव्यांचं वर्णन केलं. पोपटवाल्या काकूंचा राघू शिंकला नाही, पण त्यांनी त्याच्या वतीने बरंच सांगितलं. शेवटी मासेवाला उभा राहिला.

“आमच्याकडचा एकही प्राणी बाहेर हिवाळा काढणार नाही,” तो म्हणाला. “मासे, सरडे, कासवं, काहीही घ्या. कुडकुडून मरतील बिचारे.”

वकिलांनी चष्मा काढला. “म्हणजे इथली हवा ज्यांना सोसत नाही, असे प्राणी तुम्ही हौसेसाठी डांबून ठेवता? हा तर छळच झाला की.”

सभागृहात चुळबुळ झाली. मी शेजारी बघितलं, तर बाबांची खुर्ची रिकामी होती. ते उभे होते.

“माझी नाही मरत,” ते म्हणाले.

मासेवाला वळून त्यांच्याकडे बघत राहिला. अध्यक्षबाईंनी त्यांना पुढे बोलावलं. बाबा पुढे गेले. तळं किती खोल, गाळ कसला घातला, पाणी कुठून फिरवलं, सगळं त्यांनी सांगितलं. त्यांच्या कामाबद्दल कोणी इतकं लक्ष देऊन पहिल्यांदाच ऐकत होतं. प्राध्यापिकाबाई आता वर बघत होत्या.

“हीटर नाही?” त्यांनी विचारलं.

“कशाला? प्राणी नीट ठेवला तर काही लागत नाही.”

“अंडी घालतात?”

“दर उन्हाळ्यात. मागे एकदा पिल्लंही निघाली. मला तर ती चालायला लागल्यावर कळलं.”

“ती पिल्लं मोठी झाली असतील आता. नर आहेत की माद्या?”

हा प्रश्न मी ओळखला. त्या खुर्चीत मी असते तर हाच विचारला असता. या कासवांत नर की मादी हे अंड्याभोवतीच्या मातीच्या उबेवर ठरतं. माती थंड असेल तर सगळे नर निघतात, आणि नुसत्या नरांचं पुढे काही होत नाही. बाबा ‘सगळे नर’ म्हणाले असते, तर ही कासवं इथे फार पसरणार नाहीत असं म्हणायला समितीला जागा उरली असती. बाबांना हे माहीत नव्हतं. नर कसा ओळखायचा ते मात्र माहीत होतं. ते मीच त्यांना शिकवलं होतं. पुढच्या पायांची नखं लांब असतात तो नर.

“दोन्ही,” बाबा म्हणाले. “थोरलीने जागाच तशी निवडली. दक्षिणेकडच्या भिंतीला लागून. ऊन कुठे जास्त टिकतं, ते तिला बरोबर कळतं.”

“मदतीशिवाय?”

“कसलीच मदत नाही, बाई.”

प्राध्यापिकाबाईंनी लिहून घेतलं. बाबा परत येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. “नीट ऐकून घेतलं,” ते माझ्या कानात म्हणाले. “ती बाई जाणकार आहे.”

कायदा झाला. पोपट, सरडे आणि बहुतेक मासे परवाना काढून ठेवता येणार होते. लाल पट्ट्याच्या कासवांवर पूर्ण बंदी आली. ज्यांच्याकडे होती त्यांनी ती जमा करायची होती. मासेवाल्याच्या दुकानात आनंदाने चहा झाला. बाबांना बोलावणं नव्हतं. पोपटवाल्या काकू रस्त्यात भेटल्या, तेव्हा मला म्हणाल्या, “एका अर्थी बरंच झालं गं. त्यांना काहीतरी धरायचंच होतं. तुझ्या बाबांनी हातात दिलं, बाकीचे सुटले.” मग त्यांनी माझा गाल कुरवाळला.

कासवं न्यायला माणूस आला तेव्हा कडाक्याची थंडी होती. झाडावरचे साप आणि माळ्यावरची वटवाघळं धरण्यात आयुष्य गेलेला, दमलेला अधिकारी होता तो. हातात रिकामे खोके होते. तळ्यावर पातळ बर्फ होतं. खाली काळं पाणी. कुठेही काही हलत नव्हतं.

“इथे तर काहीच नाही,” तो म्हणाला. त्याने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाला, “थंडीने मेली असतील. होतं असं. मी तसं लिहितो आणि निघतो.”

आत्या दारातून पटकन म्हणाली, “मेलीच! कधीच मेली. आम्ही आपले उगाच तळ्याकडे बघत बसतो.”

मी बाबांचा दंड धरला. दंड ताठ झालेला मला कळला.

“मेली?” बाबा म्हणाले. “माझ्या तळ्यात?”

“बाळ्या, गप्प बस,” आत्या म्हणाली.

त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. काठीने बर्फ फोडलं आणि पाण्यात उतरले. पाणी कमरेपर्यंत आलं. वाकून ते गाळात हात घालत होते आणि एकेक कासव काठावर ठेवत होते. डोकी आत ओढलेली, पाठीवर चिखल, दगडासारखी. अधिकारी खोके पुढे करायचं विसरून उभा होता.

शेवटी थोरली आली. बाबांनी तिच्या तोंडावरचा गाळ अंगठ्याने पुसला आणि तिचा मागचा पाय हलकेच दाबला. पाय आत गेला, अगदी सावकाश.

“बघा,” ते अधिकाऱ्याला म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. “आहे की नाही?”

“आहे,” तो म्हणाला.

बाबांनी स्वतःच्या हाताने खोके भरले. ऊब देऊन उठवू नका, अर्धवट उठली तर खचतात, असं दोनदा बजावलं. मग विचारलं, “कुठे ठेवता यांना?”

अधिकाऱ्याने खोक्याची दोरी आवळायला घेतली. आवळलेली दोरी त्याने पुन्हा सोडली. आमच्या प्रयोगशाळेच्या खालच्या मजल्यावर त्याच्या खात्याची खोली आहे. जमा झालेले प्राणी तिथून जिवंत बाहेर पडत नाहीत, हे मला माहीत होतं.

“मोठं तळं आहे त्यांच्याकडे,” मी म्हणाले.

“उघड्यावर?”

“उघड्यावर.”

“मग काळजी नाही,” बाबा म्हणाले आणि ओल्या विजारीनिशी खोके उचलून गाडीपर्यंत पोचवायला गेले.