पायरीवरची अक्षरं

गुडघा टेकून ते इस्त्रीच्या दुकानाच्या पायरीवर वाकले, तोच बादलीभर साबणाचं पाणी वरून आलं आणि पँट चिंब झाली.

"कालच सांगितलं होतं ना, इथं बसायचं नाही म्हणून?" इस्त्रीवाली दारातून म्हणाली.

"एकदाच वाचतो, बाई. उद्या गल्लीत काँक्रीट पडणार. पायरी गाडली जाईल."

"गाडली तर तुमच्याच घराला आनंद."

याचा अर्थ त्यांना लागला नाही. वाचनालयाच्या नोकरीतून सुटल्यापासून ते घराभोवतीच्या गल्ल्या पायी धुंडाळत होते. कुठली भिंत जुन्या विटांची, कुठल्या दारावर दिव्याची खुंटी, सगळं वहीत टिपत. "जगाला कामं आहेत, आमच्या धाकट्याला दगड," थोरले दादा म्हणायचे. वहीत या पायरीच्या नोंदीपुढे त्यांनी न वाचताच लिहून ठेवलं होतं : बहुधा मैलाचा दगड.

त्यांनी पिशवीतून दाढीचा आरसा काढला.

"हा तिरका धरला की ऊन आडवं पडतं, झिजलेल्या अक्षरांना सावली येते. पण लिहायला मग हात उरत नाही."

तिने खाली उतरून आरसा हिसकावून घेतला आणि तिरका धरला.

"खोटं वाचलंत तर हाच डोक्यात घालीन."

दगडावर अक्षरं उमटू लागली. सवयीप्रमाणे त्यांनी एकेक अक्षर वहीत सुटं उतरवलं, मग जोडलं. 'ही वाट विहिरीची. सर्वांस खुली. कोणी अडवू नये.' खाली बाण होता. त्यांनी मान वळवली. बाण समोरच्या उंच भिंतीकडे जात होता. भिंत त्यांच्याच वडिलांनी बांधलेली होती. भिंतीमागे त्यांच्या घराच्या आवारातली विहीर. तिच्याच पाण्याने ते रोज अंघोळ करत.

"काय लिहिलंय?"

"फार झिजलंय," ते म्हणाले.

तिने आरसा हलवला. ऊन सरळ त्यांच्या डोळ्यांवर आलं.

"जन्मभर पुस्तकं चाळलीत आणि आत्ता दिसेना? माझी आई मैलभर लांबून पाणी आणायची. तुमचे वडील म्हणायचे, वाट होती तर पुरावा दाखव. दाखवायचा कसा? आईला दगडावरचं वाचायलाच येत नव्हतं."

काँक्रीटवाल्यांचा मुकादम टेप घेऊन पायरीशी आला.

"काका, जपण्यासारखं काही असेल तर आत्ताच बोला. सकाळी मिक्सर येतोय."

भिंतीपलीकडच्या माडीची खिडकी उघडली.

"धाकट्या, वर ये. जेवण निवतंय," दादा म्हणाले. त्यांची नजर मुकादमावर होती.

खाली पायरीशी त्यांनी चष्मा काढला, ओल्या पँटलाच पुसला, पुन्हा लावला. मग वहीतलं वाचलं.

"ऐकू नाही आलं," मुकादम म्हणाला.

दुसऱ्यांदा त्यांनी वाचलं ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. वाचनालयात एवढ्या मोठ्यानं बोलणाऱ्याला त्यांनीच बाहेर काढलं असतं. मुकादमाने टेप गुंडाळली आणि बाणाच्या रोखाने भिंतीकडे पाहिलं.

माडीची खिडकी धाडकन बंद झाली.

ते गल्ली ओलांडून स्वतःच्या फाटकाशी गेले. ढकलून पाहिलं. आतून कडी होती.

"दादा," त्यांनी हाक मारली. फाटक वाजवलं. पुन्हा वाजवलं.

मागे बादली जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. बादली रिकामी होती.

"वाजवा," इस्त्रीवाली म्हणाली. "मी थांबते."