बाळंतिणीचा ताप

मित्रांनो, पाऱ्याचा एक जुना थर्मामीटर तुमच्याशी बोलतो आहे. कारखान्यातून मी थेट आलो तो घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत, १९८४ साली. इस्पितळातल्या अनुपमा सिस्टर मला डबीत घालून घरोघर हिंडत. कुणाला ताप, कुणाला जुलाब, कुठे नवी बाळंतीण, सगळ्यांची चौकशी करत.

श्रावणात त्यांनी मला प्रेमा नावाच्या बाळंतिणीच्या काखेत ठेवलं. बाळाची पाचवीही झाली नव्हती. पारा भराभर चढला.

"दूध उतरतंय, म्हणून अंग तापलंय," सासू म्हणाली.

सिस्टरनी प्रेमाला टॅक्सीतून इस्पितळात नेलं. ती परत आली नाही. तिच्या अंगाची धग मला अजून सोडत नाही.

मग त्याच गल्लीत आणखी एक बाळंतीण, जानकी, तापली. ती वेळेवर इस्पितळात पोचली, म्हणून वाचली. सिस्टरना मात्र चैन पडेना. दोघी घरीच बाळंत झाल्या होत्या आणि सुईण एकच, सुंदराबाई. अर्ध्या वस्तीची नाळ तिनेच कापलेली. सिस्टर तिच्या घरी गेल्या. तिच्या बोटाला फडकं गुंडाळलेलं होतं.

"काय झालं, मावशी?"

"नखुरडं. बरंच होत नाही मेलं."

सिस्टरनी फडकं सोडलं. आत पू होता.

"हाच हात बाळंतिणींना लावलात?"

सुंदराबाई बोटाकडे बघत राहिली. "म्हंजे प्रेमाला... मी?"

सिस्टर तिचं बोट धुऊ लागल्या. दारात तिची लेक शकू उभी होती, दिवस भरत आलेली.

"आई, माझ्या वेळेला तूच हवीस गं."

"मी नाय शिवणार तुला," सुंदराबाई किंचाळली. "सिस्टर, हिला तुमच्या इस्पितळात न्या!"

शकू इस्पितळातच बाळंत झाली. सुंदराबाई फाटकाबाहेर बसून होती. शकूच्या काखेत माझा पारा चढला नाही.

बोट बरं झालं, पण सुंदराबाईने सुईणपण सोडलं. कुणी बाळंत झालं की सिस्टरना बोलवायला तीच धावे. प्रेमाचा मुलगा चालायला लागला तेव्हा सुंदराबाईचं बोट धरायला यायचा. ती हात पदराआड लपवायची.

मित्रांनो, मी आता खणात पडून असतो. बाळ बघायला जाल तेव्हा आधी हात धुवा. सगळे बाळाभोवतीच जमतात. तुम्ही त्याच्या आईजवळही बसा आणि विचारा, "अंगात कणकण तर नाही ना?"