तीन पावलांचं वाक्य

“मग?” चादरीची टोकं त्याच्या हातून घेत व्लास्ताबाईंनी विचारलं.

“मग मी रोज सकाळी नदीचं पाणी मोजायला जायचो.”

“कशानं मोजायचास? बादलीनं?”

कुबानिचला ‘काठी’ला चेक भाषेत काय म्हणतात ते आठवेना. आठवेपर्यंत चादरीची घडी होऊन ढिगावर गेली होती आणि व्लास्ताबाईंनी दुसरी उचलली होती.

चेक देशातल्या पार्दुबित्से शहराच्या इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीच्या यंत्रातून निघालेली चादर दोघांनी धरायची, उभी दोनदा दुमडायची आणि मग एकमेकांकडे चालत यायचं. पहिल्या वेळी तीन पावलं, दुसऱ्या वेळी एक. त्याचा व्लास्ताबाईंनी नियमच करून टाकला होता. तीन पावलांत एक लांब वाक्य, एका पावलात एक छोटं. तो बोलल्याशिवाय त्या टोकं हातात घेत नसत. पाळीला अडीचशे चादरी, म्हणजे रोज पाचशे वाक्यं. त्यातली निम्मी कालचीच असत. व्लास्ताबाईंना ते ओळखू येई, पण आज त्याला बोलायचं त्राण नाही हेही ओळखू येई, आणि त्या दिवशी त्या शिळी वाक्यं चालवून घेत.

“शब्दांचे शेवट खातोस तू, कुबा,” त्या म्हणत. “भूक लागत असेल तर माझ्या डब्यातलं घे.”

पुरं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी कापून टाकलं होतं. एकेचाळीस वर्षं त्या इथंच होत्या. घरी नवरा टीव्हीशी बोलतो, म्हणून बोलायची सगळी हौस आपण धुलाईघरात भागवतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

कुबानिच छत्तीस वर्षांचा होता. किर्गिझस्तानात नारीन नदीवरच्या एका केंद्रात त्याने अकरा वर्षं पाण्याची पातळी नोंदवली होती. चेक भाषेतून शिकलं तर इथल्या सरकारी विद्यापीठात फी लागत नाही, एवढ्या एका गोष्टीवर तो बायको-मुलीला मागे ठेवून जलशास्त्र शिकायला आला होता. पण त्याआधी भाषेची परीक्षा होती. जानेवारीत तो तोंडी परीक्षेत नापास झाला. जूनची संधी शेवटची, नंतर व्हिसा संपणार होता. सकाळी सहा ते दोन चादरी, तीन ते सहा वर्ग. वर्गातली अठरा वर्षांची पोरं त्याला काका म्हणत, आणि त्याला डुलकी लागली की त्याच्या वहीत उशीचं चित्र काढून ठेवत.

तोंडी परीक्षेला पंचवीस विषय होते. टेबलावर पालथ्या ठेवलेल्या चिठ्ठ्यांतून एक उचलायची आणि त्यावर बोलायचं. जानेवारीत त्याने नाताळावर तयारी केली होती आणि चिठ्ठी आली होती आरोग्याची. या वेळी त्याने पंचवीसच्या पंचवीस विषय घोकले.

चिठ्ठी निघाली ‘माझं शहर’. तो चार वाक्यं धडाधड बोलला. चष्मा लावलेल्या परीक्षक बाईंनी हात वर केला.

“छान पाठ केलंय,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, दिवसभर तेच ऐकल्याचा शीण होता. “हे राहू दे. तुम्हाला बोलायला कुणी शिकवलं, ते सांगा.”

डोक्यातलं सगळं एकदम पुसलं गेलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना त्याला दिसत होता. जानेवारीतही हे असंच झालं होतं.

“मी उभा राहिलो तर चालेल?” त्याने विचारलं.

बाईंनी शेजारी टिपणं घेणाऱ्या सहकाऱ्याकडे पाहिलं. मग मान हलवली.

कुबानिच उभा राहिला. आपल्या मुठी चादर धरल्यासारख्या मिटल्या आहेत, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. तो पुढे तीन पावलं चालला.

“मला इस्पितळाच्या धुलाईघरातल्या बाईंनी शिकवलं, त्या एकेचाळीस वर्षं चादरींच्या घड्या घालताहेत.” एक पाऊल. “त्यांचे हात दुखतात.”

तो मागे गेला आणि पुन्हा आला.

“मी इथं आलो तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती, आता ती मला फोनवर पुस्तक वाचून दाखवते.” एक पाऊल. “मी नुसता ऐकतो.”

पुन्हा मागे.

“मी सकाळी चादर धरतो आणि दुपारी वही, पण झोप मला दोन्हीकडे येते.” एक पाऊल. “मी थकलोय.”

घडी पुरी झाली होती. ठेवायला ढीग नव्हता. त्याने हात खाली सोडले आणि तो खुर्चीवर बसला. टिपणं घेणाऱ्या सहकाऱ्याने लेखणी केव्हाच खाली ठेवली होती.

निकाल जुलैत लागणार होता. जूनअखेर व्लास्ताबाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी रीतीप्रमाणे सगळ्यांसाठी बटाट्याचं सॅलड लावलेले पाव आणले, आणि दुसऱ्या दिवशी लेकीकडे ओस्त्रावाला कायमच्या गेल्या. जाताना कुबानिचला म्हणाल्या, “निकाल लागला की पत्र लिही. फोन नको. चुका मला दिसायला हव्यात.”

जुलैतल्या एका सोमवारी भाषेच्या शाळेच्या फलकावर कुबानिचने आपला क्रमांक शोधला. पास. तीनदा पाहून झाल्यावर तो तिथंच पायरीवर बसला.

मंगळवारी सहाला तो कामावर हजर होता. शरद ऋतूपासून चादरी बाहेर धुवायला जाणार होत्या, त्यामुळे व्लास्ताबाईंच्या जागी कुणाला घेतलं नव्हतं. त्यांच्या रिकाम्या कपाटाच्या कडीला त्याने चादरीची दोन टोकं अडकवली आणि दुसरी दोन हातात धरून तो मागे गेला. दोनदा दुमडली. मग तीन पावलं चालत आला.

“आदरणीय व्लास्ताबाई, सोमवारी फलक लागला आणि त्यात माझा क्रमांक होता,” पत्रातलं पहिलं वाक्य तो शब्दांचे शेवट न खाता म्हणाला.

त्यांना ‘मग?’ विचारायला लागायचा तेवढा वेळ तो कडीसमोर उभा राहिला. मग त्याने टोकं कडीवरून काढली आणि छोट्या वाक्यासाठी एक पाऊल मागे घेतलं.