माझ्या पोटातून काढलेला डबा

मी बोलतेय, विनिताच्या सायकलच्या कॅरियरला लटकणारी केशरी बॅग. आवाज कापतोय ना माझा? कापणारच. उद्या सकाळी पुन्हा निघायचंय आणि मला भीती वाटतेय. मला वाटेची भीती नाही, खड्ड्यांचीही नाही. ज्या माणसाने मला आज भरलंय ना, त्याची भीती वाटतेय.

जन्म माझा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात झाला. तिथे ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात आणि उरलेल्या कापडातून माझ्यासारख्या बॅगा. शिवून झाल्यावर कांताबाईंनी मला काठोकाठ पाण्याने भरून टांगलं होतं, कुठे गळते का बघायला. कसला धसका घेतला होता मी! शेजारच्या गल्लीत विनिताच्या नवऱ्याची, सुदेशची कंपनी. तो जेवणाच्या सुट्टीत आला, मला उचललं आणि पहिला प्रश्न विचारला, "हिचं स्वतःचं वजन किती?"

तेव्हाच ओळखायला हवं होतं. सुदेशला वजनाचं वेड आहे हो. लांबच्या सायकल सहलीला निघताना हा माणूस टूथब्रशची दांडी अर्धी कापून टाकतो. एक टी-शर्ट अंगात, एक बॅगेत, संपलं. आणि विनिता? तिचं सगळं आयुष्य "लागलं तर?" या दोन शब्दांवर चालतं. मेतकूट, सुईदोरा, कापूर, जादा ओढणी, पायमोजे, त्यावर आणखी पायमोजे.

"अगं, डोंबिवलीहून माळशेजला चाललोय आपण, संसार थाटायला नाही," सुदेश म्हणायचा.

"माझ्या सायकलवर आहे ना ओझं? मी ओढेन. तू कशाला एवढा तापतोस?"

"घाटात हळू पडतेस मग. मला थांबावं लागतं."

"थांब की मग. नवरा आहेस, लोकल नाहीस."

हसायचे दोघं. मलाही मजा वाटायची. त्यांच्या भांडणात माझं पोट कधी फुगायचं, कधी सपाट व्हायचं, एवढंच.

आता त्या डब्याचं सांगते. विनिताला लहानपणापासून दमा. डोंबिवलीत एमआयडीसीकडून वास आला की तिची छाती भरते. पण गेलं वर्षभर बरी होती ती. तोंडात मारायचा पंप एरवी तिच्या ऑफिसच्या पर्समध्ये असायचा. माळशेजच्या त्या सहलीला पर्स नको म्हणून तिने तो श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवला, पंपाला धूळ लागू नये, दाबला जाऊ नये म्हणून. तुमच्याही घरी असतीलच असे डबे. वर नाव श्रीखंडाचं, आत लोणचं, बटणं, मेथीदाणे, काहीही. या घरात तर मी श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड कधी पाहिलंच नाही.

निघायच्या सकाळी विनिता शेजारच्या भावनाकाकूंकडे चावी द्यायला गेली. तेवढ्यात सुदेशने मला उचलून बघितलं. "बाप रे!" म्हणाला आणि हात घातला. कापूर काढला, एक ओढणी काढली आणि तो डबाही काढला. हलवून बघितलं. आत खुळखुळलं. त्याला वाटलं असणार, शेंगदाणे. उघडून बघावं ना रे माणसा! नाही उघडला. दिला फ्रिजवर सरकवून, आणि माझी चेन ओढून शीळ घालत जिना उतरला.

तेव्हापासून माझ्या जिवात जीव नव्हता. कल्याण मागे पडलं, शहाड गेलं, मुरबाडचा रस्ता लागला. विनिता मजेत गाणं गुणगुणत पॅडल मारत होती आणि मी पोटातल्या रिकाम्या जागेकडे बघत होते. मी ओरडत होते हो! पण बॅगेचं ओरडणं म्हणजे काय, बक्कल कुरकुरणार. एकदा तिला ऐकू गेलं. थांबली, माझा पट्टा घट्ट केला आणि पुन्हा निघाली.

मुरबाडच्या पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. डंपरमागून डंपर. खडीची पांढरी धूळ अशी उडत होती की पुढचा सुदेश दिसेनासा झाला. विनिताने ओढणी तोंडाला बांधली. तरी खोकला सुरू झाला. मग ती शिट्टीसारखी वाजू लागली, श्वास घेताना. मला तो आवाज ओळखीचा नव्हता, पण ऐकताच कळलं की हे वाईट आहे.

सगुणाबाईंची चहाची टपरी होती रस्त्याकडेला. तिथे सायकल टाकून ती खालीच बसली. माझी चेन उघडली, हात आत घातला. मेतकूट बाहेर, पायमोजे बाहेर. हात तळापर्यंत चाचपत गेला. तो हात थंडगार होता.

सुदेश मागे फिरून धावत आला. "काय झालं? पंप कुठाय तुझा?"

"आत... ठेवलेला..."

"कशात ठेवलेलास?"

"श्रीखंडाच्या... डब्यात."

सुदेशचा हातही तेव्हा माझ्यातच होता, शोधत. तो जागच्या जागी थांबला. मी सांगते तुम्हाला, त्या क्षणी त्याला सगळं कळलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आता बोलेल, आता बोलेल, असं मला वाटत होतं.

"घरीच राहिला असेल," तो म्हणाला.

विनिताने त्याच्याकडे बघितलं. ओठ निळे पडायला लागले होते तिचे. बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी ती बोलली, "सॉरी रे. मी... विसरले."

सगुणाबाईंनी रस्त्यात उभं राहून भाजीचा टेम्पो अडवला. "पोरीचा जीव चाललाय, घे आधी हिला!" ओरडल्या त्या ड्रायव्हरवर. सुदेशने तिला उचलून टेम्पोत घातलं आणि गेले. सायकली आणि मी टपरीमागच्या पडवीत.

तिथले दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. कोंबड्या अंगावर चढायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सगुणाबाई म्हणायच्या, "कशी असंल गं ती पोर? काय कळवलं पण नाय त्यांनी." शेवटी एकदा सुदेश आला, एकटाच. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याला एकटं बघून मी मनातल्या मनात रडायला लागले.

"वाचली," तो म्हणाला. "आधी मुरबाडला ऑक्सिजन लावला, मग कल्याणला हलवलं. आता घरी आहे." आणि सगुणाबाईंच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. प्रेम नाही असं मी कशी म्हणू? आहे. खूप आहे. म्हणून तर तोंड उघडत नाही त्याचं.

घरी आल्यावर मला दाराशेजारच्या खिळ्याला टांगलं. तिथून सगळं ऐकू येतं. विनिता म्हणाली, "अरे, डबा फ्रिजवर सापडला. भरता भरता तिथे ठेवला असणार मी. कशी विसरले, काही आठवतच नाही."

"हं," सुदेश म्हणाला.

त्या एका "हं"ने काय केलं ते बघा. जी बाई सगळ्या घराची आठवण ठेवायची, ती आता कुलूप लावून पुन्हा पुन्हा ओढून बघते. माजिवड्याच्या ऑफिसातून फोन करते, "सुदेश, मी गॅस बंद केला होता का रे?" भाजीत मीठ घातलं की नाही, हे त्याला विचारते. परवा आरशासमोर उभी राहून स्वतःशीच म्हणाली, "डोकं गेलंय माझं."

आणि आज संध्याकाळी तिने मला खिळ्यावरून काढलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं. "तूच भर बाबा. माझ्यावर माझाच भरवसा नाही राहिला."

भरलं त्याने. खोटं कशाला बोलू, पंप घेतलाय, एक नाही, प्रत्येक कप्प्यात एक. मेतकूटही घेतलं, पायमोजेही घेतले. भरून झाल्यावर कितीतरी वेळ माझ्या चेनवर हात ठेवून बसून राहिला. विनिताने स्वयंपाकघरातून विचारलं, "झालं का? सगळं घेतलंस ना? मी नाही बघत हं परत."

त्याने तोंड उघडलं. मी श्वास रोखून धरला.

"घेतलं," तो म्हणाला आणि चेन ओढली.

मला तिला सांगता येत नाही. बक्कल कुरकुरलं तर ती पट्टा घट्ट करेल. म्हणून तुमच्या पाया पडते. उद्या मुरबाडच्या रस्त्यावर केशरी बॅग लावलेली सायकल दिसली, तर हात करून थांबवा तिला. आणि एवढंच सांगा, बाई गं, तू काही विसरली नव्हतीस.